'अ‍ॅडव्हान्स्ड' म्हणजे पाचवी डाइव्ह?

माझ्या स्कूबा डायव्हिंगच्या लॉगबुकातली पाचवी नोंद अशी आहे : 'हॅवलॉक. २८ मीटर. २६ मिनिटं. जबरदस्त!!' उद्गारचिन्हं दोन. वर आल्यावर टाकीत हवा किती उरली होती, हा रकाना मात्र रिकामा.

चौथी डाइव्ह अंदमानातल्या याच बेटावर आदल्या दुपारी झाली होती. इन्स्ट्रक्टरनं बोटीवर हात मिळवला, मी आणि माझा कॉलेजातला मित्र 'ओपन वॉटर डायव्हर' झालो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमचा 'अ‍ॅडव्हान्स्ड' कोर्स सुरू झाला. पहिलीच डाइव्ह खोलीची. लाल रंग खाली कसा मातकट दिसतो ते पाहिलं, पाटीवरचं एक कोडं सोडवलं आणि मग एका दांडग्या गोब्रा माशाच्या मागे लागलो. मित्रानं माझ्या दंडाला हात लावला आणि स्वतःचा गेज, म्हणजे टाकीतल्या हवेचा दाब दाखवणारी तबकडी, पुढे धरला. ७० बार. मी माझा पाहिला, ८०. आता काय करायचं असतं? मी अंगठा-तर्जनी जोडून त्याला 'ओके' दाखवलं. त्यानंही मला 'ओके' दाखवलं. आणि आम्ही पोहत राहिलो. अर्ध्या मिनिटानं पुढचा इन्स्ट्रक्टर मागे वळला, दोघांचे गेज पाहिले आणि काही न विचारता अंगठा वर केला. पाण्याखाली त्याचा अर्थ 'छान' असा नसतो, 'वर चला' असा असतो.

काही झालं नाही. म्हणूनच तर उद्गारचिन्हं.

त्या क्षणाचा हिशेब मी कितीतरी महिन्यांनी, ऑफिसातल्या एका कंटाळवाण्या मीटिंगमध्ये वहीच्या मागच्या पानावर मांडला. आपल्याकडे सर्रास मिळणारी अ‍ॅल्युमिनियमची टाकी साधारण ११ लिटरची असते. २०० बार भरली की तिच्यात २,२०० लिटर हवा. जमिनीवर माणूस शांतपणे मिनिटाला २० लिटर श्वास घेतो असं धरू. पाण्यात दर १० मीटरला दाब एका बारनं वाढतो, म्हणजे ३० मीटरवर तो चौपट, आणि त्याच श्वासाला ८० लिटर लागतात. समजा तिथे एकाचा रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा तोंडात देणारा भाग, बंद पडला. दोघं एकाच टाकीवर आले. घाबरलेला माणूस दुप्पट श्वास घेतो. एक मिनिट सावरण्यात गेलं, ३२० लिटर संपले. मग मिनिटाला ९ मीटर या वेगानं वर यायचं, त्यात आणखी साडेसहाशेच्या वर गेले. एकूण जवळपास हजार लिटर, म्हणजे ९० बार. वाटेत ५ मीटरवरचा तीन मिनिटांचा सेफ्टी स्टॉप मी यात धरलेलाच नाही. आणि आमच्याकडे होते ७० आणि ८०. दोघांपैकी कुणाचीही टाकी दोघांना वर आणायला पुरली नसती. माझ्या डोक्यात मात्र एकच वाक्य पक्कं बसलेलं होतं, '५० बार उरले की वर यायचं.' ते १० मीटरवर ठीक आहे. ३० मीटरवर त्याचा काही उपयोग नाही.

हा हिशेब सातवी-आठवीच्या गणिताचा आहे. तो मला पाचव्या डाइव्हच्या आधी का नव्हता येत, या प्रश्नापासून हा लेख सुरू होतो.

डायव्हिंगच्या जगात एक वाद जुनाच आहे. ओपन वॉटर आणि अ‍ॅडव्हान्स्ड हे दोन वेगळे कोर्स ठेवावेत, की दोन्ही मिळून एकच नीट कोर्स करावा? आपल्याकडे तो फारसा होत नाही, कारण आपल्याकडे स्कूबा म्हणजे मालवणची पंधरा मिनिटं आणि गोप्रोचा व्हिडिओ. पण पुण्या-मुंबईची, नाशिक-कोल्हापूरची मुलं आता सुट्टी काढून अंदमानला, मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणीला, पुदुच्चेरीला कार्ड काढायला जातात. तेव्हा हा वाद आपलाही झाला आहे.

सध्याची शिडी अशी. जगात सर्वाधिक पसरलेल्या पॅडी या संस्थेच्या ओपन वॉटरमध्ये थोडी थिअरी, तलावात किंवा उथळ पाण्यात सराव आणि समुद्रात चार डाइव्ह. मग १८ मीटर खोलीपर्यंतचं प्रमाणपत्र, म्हणजे कार्ड. त्यानंतर अ‍ॅडव्हान्स्ड : पाच डाइव्ह, त्यात एक खोल आणि एक होकायंत्राची सक्तीची, बाकी तीन आवडीच्या. लेखी परीक्षा नाही. मग ३० मीटरचं कार्ड. या दोन कोर्सांच्या मध्ये एकही डाइव्ह केलेली असायला हवी अशी अट नाही. या मर्यादा म्हणजे कायदा नव्हे, शिफारस आहे. तरी बोटीवर तुमची किंमत त्या आकड्यावरूनच ठरते. बेशुद्ध जोडीदाराला तळातून वर कसं आणायचं, हे त्याच्याही पुढच्या 'रेस्क्यू' कोर्सात शिकवतात. तिथवर बहुतेक हौशी लोक जातच नाहीत. म्हणजे मी ३० मीटरवर कुणाचा तरी 'बडी' म्हणून उतरू शकतो, पण तो बडी बेशुद्ध पडला तर काय करायचं ते मला कुणी शिकवलेलं नसतं.

'अ‍ॅडव्हान्स्ड' या शब्दाचा आपल्या गिर्यारोहकांना एक अर्थ माहीत आहे. उत्तरकाशीच्या किंवा दार्जिलिंगच्या संस्थेतला बेसिक कोर्स म्हणजे जवळजवळ महिनाभराची तंगडतोड. त्यात 'ए' ग्रेड मिळाली तरच अ‍ॅडव्हान्स्डचं दार उघडतं. सह्याद्रीत दर रविवारी कातळाला भिडणारी कितीतरी मुलं ती ग्रेड न मिळाल्यानं हिरमुसून परत आलेली मी पाहिली आहेत. 'बीएमसी' आणि 'एएमसी' या बेसिक आणि अ‍ॅडव्हान्स्ड कोर्सांमध्ये खरोखर एक डोंगर असतो. आमच्या अ‍ॅडव्हान्स्डमध्ये आणि ओपन वॉटरमध्ये एक रात्र आणि एक मासळीचं ताट होतं. हे नाव अपुरं पडतं याची जाणीव या धंद्यालाही आहे. एसएसआय या दुसऱ्या मोठ्या संस्थेनं पाच डाइव्हवाल्या कोर्साला वेगळं नाव ठेवलं आणि 'अ‍ॅडव्हान्स्ड ओपन वॉटर' हा किताब चार विशेष विषय आणि २४ नोंदलेल्या डाइव्ह झाल्यावरच देते.

कोर्साचे तुकडे पाडणाऱ्यांवर मात्र नुसतं तोंडसुख घेणं बरोबर नाही. १९४३ मध्ये कुस्तो आणि गान्यां यांनी अ‍ॅक्वालंग, म्हणजे पाठीवरच्या टाकीतून पाण्याखाली श्वास घ्यायचं यंत्र, तयार केलं, आणि त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत ज्यांनी शिकवायला घेतलं त्यांतले बरेच नौदलाच्या वळणाचे. कित्येक आठवड्यांचे वर्ग, दमछाक, पाण्याखाली कुणीतरी मास्क ओढून काढायचं आणि तुम्ही घाबरता का ते बघायचं. १९६६ मध्ये अमेरिकेत इलिनॉयमध्ये दोघा इन्स्ट्रक्टरांनी पॅडी सुरू केली. मग या शिकवणीचे छोटे-छोटे, क्रमवार तुकडे झाले. धट्ट्याकट्ट्या पुरुषांचा खेळ सगळ्यांचा झाला तो त्यामुळे. माझ्यासारखा, फक्त विहिरीत पोहायला शिकलेला, चाळिशीकडे झुकलेला हिशेबनीस समुद्राच्या तळाशी गेला तोही त्यामुळेच. शिवाय एका बैठकीत सगळं कोंबण्यापेक्षा थोडं शिकावं, मध्ये सराव करावा, मग पुढचं शिकावं, हे कोणत्याही शिक्षकाला पटेल.

पटेलच. पण मध्ये सराव कुठे आहे? तुकडे पाडण्यामागचा विचार 'शिका, मुरवा, मग पुढे या' असा होता. प्रत्यक्षात फलकावर 'कॉम्बो' आहे : दोन्ही कोर्स, पाच-सहा दिवस, सवलतीत. तुकड्यांचा फायदा, म्हणजे मधला वेळ, गेला. तोटा तेवढा राहिला : पहिल्या कोर्सातून महत्त्वाचं काही वगळलं की 'ते पुढच्यात येईल' म्हणायची सोय. त्यामुळे 'कोर्स एकत्र करावेत का' या प्रश्नाला नुसतं 'हो' म्हणणं धोक्याचं आहे. एकत्र ते झालेच आहेत, विक्रीच्या काउंटरवर. मला हवं आहे ते वेगळं. मुळात कापलेली जागा चुकली आहे. ती मीटरवर कापली आहे; ती जबाबदारीवर कापायला हवी होती.

फ्रान्समध्ये तशी कापलेली आहे. तिथे क्रीडा कायद्यातच डायव्हरच्या दोन पात्रता आहेत : एक मार्गदर्शकाबरोबर उतरणाऱ्याची, दुसरी स्वतंत्रपणे उतरणाऱ्याची. पहिल्या पायरीच्या माणसानं २० मीटरपर्यंत जावं, पण मार्गदर्शकाबरोबरच. दुसऱ्या पायरीवरचा माणूस जोडीदाराबरोबर स्वतंत्र उतरतो २० मीटरपर्यंतच, मार्गदर्शक असेल तर मात्र ४० पर्यंत. माणूस तोच, कार्ड तेच, पण आकडे दोन. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून फेऱ्या मारल्या होत्या, कारण हॅवलॉकची ती सकाळ त्या दोन आकड्यांमध्ये नेमकी बसत होती. इन्स्ट्रक्टरबरोबर २८ मीटर जाणं चूक नव्हतं. चूक ही, की त्यानंतर मला मिळालेलं कार्ड सांगत होतं, आता तू तुझ्यासारख्याच एकाला घेऊन तिथे जाऊ शकतोस.

आंतरराष्ट्रीय मानकसंस्थेचे आयएसओ २४८०१ हे मानकही तीनच पायऱ्या मानतं : देखरेखीखालचा डायव्हर, स्वतंत्र डायव्हर, आणि इतरांना नेणारा. त्यात 'प्रगत' असा शब्द नाही. पहिल्या पायरीला जुळणारं, समुद्रातल्या दोन डाइव्हचं आणि १२ मीटरचं कार्ड पॅडीकडेसुद्धा आहे. पण मी ते अजून एकाही जेट्टीवरच्या फलकावर पाहिलेलं नाही. दोन दिवसांच्या कार्डाला ग्राहक 'अर्धवट' समजतो, दुकानदाराला त्यात सुटत नाही, आणि ज्याला आयुष्यात गाईडशिवाय कधी उतरायचंच नाही असा माणूस 'स्वतंत्र' डायव्हरचं कार्ड खिशात घालून घरी जातो. हे नसलेलं स्वातंत्र्य कागदावर देणं सगळ्यांच्याच सोयीचं आहे.

धोका कुठे असतो हेही काही गूढ नाही. डायव्हरांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेच्या संशोधकांनी १९९२ ते २००३ या काळातल्या हौशी डायव्हरांच्या ९४७ मृत्यूंचा अभ्यास केला. ज्या घटनांमध्ये सुरुवात कशामुळे झाली ते ओळखता आलं, त्यांतल्या ४१ टक्क्यांत ती हवा अपुरी पडण्यापासून झाली होती. शार्क नाही, राक्षसी प्रवाह नाही. गेजवरचा काटा. हवेचा हिशेब, तळ न ढवळता पाण्यात तरंगत राहणं, जोडीदारापासून हातभरापेक्षा दूर न जाणं : जीव वाचवणाऱ्या गोष्टी या अशा कंटाळवाण्या असतात, त्या पहिल्या कोर्सात घाईघाईनं उरकल्या जातात, आणि अ‍ॅडव्हान्स्डमध्ये त्यांच्या जागी रात्रीची डाइव्ह आणि बुडालेलं जहाज येतं, कारण फोटो त्याचे चांगले येतात.

आता मालवणात येऊ.

जेट्टीवर उतरलात की 'स्कूबा करूचा हा काय?' हा प्रश्न चहाच्या आधी येतो. किल्ल्याच्या बाजूला बोट नांगरलेली असते. पर्यटकाच्या तोंडात रेग्युलेटर देऊन, मागून टाकी घट्ट धरून, तिथला मुलगा त्याला सात-आठ मीटरपर्यंत नेतो, रंगीत मासे दाखवतो, व्हिडिओ काढतो, वर आणतो. तो पर्यटक डायव्हर नसतो आणि तसा कुणाचा दावाही नसतो. हा अनुभव मला कोर्सांपेक्षा प्रामाणिक वाटतो, कारण जबाबदारी कुणाची याबद्दल तिथे शंकाच नाही : ज्यानं टाकी धरली त्याची. मी एकदा कौतुकानं माझं अ‍ॅडव्हान्स्डचं कार्ड तिथल्या एका गाईडला दाखवलं. त्यानं ते हातातही घेतलं नाही. म्हणाला, "कार्ड कोण बघता? आमी बुडबुडे बघतो." घाबरलेल्या माणसाचे बुडबुडे कसे भसाभस येतात, शांत माणसाचे कसे थांबून थांबून, हे त्याला कुठल्या पुस्तकानं शिकवलेलं नव्हतं. त्याचे आजोबा-वडील रापणीच्या मासेमारीवर गेलेले. अशा मुलांना व्यावसायिक पात्रतेपर्यंत जायचं तर शिडी तीच : ओपन वॉटर, अ‍ॅडव्हान्स्ड, प्रथमोपचार, रेस्क्यू, मग डाइव्हमास्टर, आणि दर पायरीला फी वेगळी. तारकर्लीला राज्य पर्यटन महामंडळाची प्रशिक्षण संस्था आहे, तिच्यामुळे वाट जवळ आली हे खरं. पण ज्यानं हजार माणसांचे बुडबुडे पाहिले आहेत त्यालाही माझ्याइतक्याच पायऱ्या मोजाव्या लागणं, आणि मला त्याच्याइतकंच 'स्वतंत्र' मानलं जाणं, या एकाच चुकीच्या दोन बाजू आहेत.

आणि मग अंग्रिया बँक. कान्होजी आंग्र्यांचं नाव धारण करणारं हे समुद्रात बुडालेलं पठार विजयदुर्गपासून पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर आहे. उत्तर-दक्षिण साधारण ४० किलोमीटर लांब, १५ किलोमीटर रुंद, वर प्रवाळ. त्याचा सगळ्यात उथळ भागही २० मीटरवर. म्हणजे १८ मीटरचं कार्ड असलेल्या महाराष्ट्रीय डायव्हरला आपल्याच समुद्रातल्या या प्रवाळापर्यंत पोचता येत नाही, दोन मीटर कमी पडतात! अ‍ॅडव्हान्स्ड विकायला याहून चांगली जाहिरात नाही. पण क्षणभर त्या जागेचा विचार करा. जवळ बेट नाही, किनारा रात्रभराच्या प्रवासाइतका दूर, पाण्यात काही बिघडलं तर मदत म्हणजे तुमची बोट आणि तुमचा बडी. तिथे उतरायला वरचे दोन मीटर मिळवून देणारं कार्ड काय कामाचं? हवेचा हिशेब येतो का, बोटीपाशी परत येता येतं का, बेशुद्ध माणसाला उचलता येतं का, हे प्रश्न तिथे खरे. नौदलातून निवृत्त झालेली 'गुलदार' ही नौका निवतीजवळ समुद्रतळाशी ठेवून तिथे पर्यटन सुरू करण्याची योजना सरकारनं जाहीर केली आहे. म्हणजे जहाजाच्या सांगाड्याभोवती पोहण्याची हौसही आता घरच्या अंगणात येणार.

तर माझं म्हणणं असं. दोन दिवसांचं, १२ मीटरचं, 'गाईडबरोबरच' असं ठळक छापलेलं कार्ड सगळीकडे पहिलं म्हणून विकावं आणि त्यात कमीपणा मानू नये. ज्याला स्वतंत्र व्हायचं आहे त्याच्यासाठी ओपन वॉटर, अ‍ॅडव्हान्स्डमधली खोली आणि दिशा, आणि रेस्क्यूमधला किमान भाग, म्हणजे बेशुद्ध जोडीदार वर आणणं, असा एकच कोर्स असावा. बारा-पंधरा डाइव्हचा, पण सलग नव्हे. मध्ये गाईडबरोबरच्या काही डाइव्ह लॉगबुकात दिसल्याशिवाय शेवटचा टप्पा नाही. हे स्वप्नरंजन नाही. ब्रिटनच्या बीएसएसी (ब्रिटिश सब-अ‍ॅक्वा क्लब) या संघटनेच्या क्लबांमध्ये, १९५३ पासूनच्या त्या परंपरेत, बचावाचं शिक्षण दुसऱ्या पायरीवरच येतं. जीयूई (ग्लोबल अंडरवॉटर एक्सप्लोरर्स) ही १९९८ मध्ये निघालेली डायव्हिंग शिकवणारी संस्था हवेच्या त्या हिशेबाला पायाभूत धडा मानते. गोव्यात राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे, किनाऱ्यावर परवाने देणारी यंत्रणा आहे. खाजगी संस्थांचे अभ्यासक्रम त्यांना बदलता येणार नाहीत, पण 'गाईडविना उतरवायचं असेल तर अमुक येतं का ते तपासा' एवढी अट परवान्यात घालता येते.

पैशाचा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे, आणि माझ्याकडे त्याला चोख उत्तर नाही. आजही ओपन वॉटरलाच पंचवीस-तीस हजार सहज जातात, वर विमानाचं तिकीट. पंधरा डाइव्हचा कोर्स म्हटला की नोकरदाराची वर्षाची रजा आणि बचत दोन्ही संपली. मग हा खेळ पुन्हा मोजक्यांचाच होईल, असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. एवढंच म्हणेन, की ज्याला परवडत नाही त्याला समुद्र बंद होत नाही. त्याच्यासाठी पहिलं कार्ड आहे, गाईड आहे, तेच मासे आहेत. फ्रान्समधला पहिल्या पायरीचा माणूस वर्षानुवर्षं तसाच उतरतो, कुणी त्याला नवशिका म्हणून हिणवत नाही. महाग होईल ते गाईडशिवाय उतरण्याचं कार्ड, आणि ते आज जितकं स्वस्त आहे तितकं नसावंच.

दुसरा आक्षेप असा, की लोक मुळात गाईडबरोबरच उतरतात, मग कागदावर काय लिहिलंय याला कोण विचारतं? हॅवलॉकला आम्हीही गाईडबरोबरच होतो. त्यानं अर्धा मिनिट उशिरा वळून पाहिलं असतं, तर त्या अर्ध्या मिनिटात आमच्या दोघांच्या 'ओके' शिवाय तिथे दुसरं काही नव्हतं.

गेल्या महिन्यात माझ्या भाचीनं विचारलं, "मामा, कुठला कोर्स करू?" मी तिला वहीचं ते मागचं पान दाखवलं, ९० बारचा हिशेब समजावला, म्हटलं, आधी ओपन वॉटर कर, मग १२ मीटरवर दहा डाइव्ह कर, तीसवर जायच्या आधी रेस्क्यूचे पैसे भर. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग कॉम्बो बुक केला. चार हजार वाचतात म्हणे, आणि रजा सहाच दिवसांची आहे. मी फार बोललो नाही. लॉगबुकातल्या पाचव्या नोंदीचा फोटो काढून मला पाठव, एवढंच सांगितलंय. हवेचा रकाना भरून.